सिरॅमिक कॅपचा टवका वारंवार उडतो: पावडर बदलण्यापूर्वी काय तपासावे

दाढेवर बसवलेल्या सिरॅमिक कॅपचा टवका काही महिन्यांत उडतो, लॅब ती कॅप नवी करून देते, आणि थोड्याच दिवसांत त्याच लॅबच्या दुसऱ्या कॅपचा टवका जवळपास त्याच जागी उडतो, ही तक्रार सोलापुरातल्या दातांच्या दवाखान्यांना आणि लॅबना नवी नाही. अशा वेळी डॉक्टर लॅबवर, लॅब ज्या पावडरीपासून सिरॅमिक भाजले जाते त्या पावडरवर आणि शेवटी दोघेही पेशंटच्या कडक भाकरीवर खापर फोडतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी हा इथला नित्याचा आहार आहे, आणि जी कॅप तो सोसू शकत नाही ती मुळात इथे बसवण्याच्या लायकीचीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पावडरची कंपनी बदलून पाहणे हा दुसरा आवडता उपाय. तो बहुतेक वेळा आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असा ठरतो, कारण दोष पावडरीत क्वचितच असतो. तिने भट्टीत किती उष्णता सोसली, ती कोणत्या वेगाने थंड झाली आणि तिच्याखाली आधार कसा होता, यांत तो बहुधा सापडतो.

आधी कपची पाहावी

तुटलेला तुकडा हाती असल्यास निम्मा तपास झालाच म्हणून समजावे. डॉक्टरांना सांगून ठेवावे की पेशंटने आणलेली कपची फेकून न देता कॅपसोबत लॅबकडे पाठवावी. ती निर्जंतुक करून वाळवावी आणि दहापट भिंगाखाली, दिवा एका बाजूला कलता धरून, दोन्ही अंगांनी पाहावी.

मेटल-सिरॅमिक कॅपमध्ये, म्हणजे धातूच्या पातळ टोपीवर (कोपिंगवर) सिरॅमिक भाजून चढवलेल्या कॅपमध्ये, धातू उघडा पडला असेल आणि कपचीच्या आतल्या बाजूला काळपट-हिरवट थर चिकटून आलेला दिसत असेल, तर सिरॅमिक धातूपासून सुटलेले नाही. मधला ऑक्साइडचा थरच दुभंगला आहे. निकेल-क्रोमियम धातूत हे वारंवार दिसते. सिरॅमिक धातूला धरून राहते ते या ऑक्साइडच्या जोरावर, परंतु तो थर पातळ असावा लागतो. डिगॅसिंग, म्हणजे सिरॅमिक चढवण्यापूर्वी धातू भट्टीत तापवण्याची पायरी, प्रमाणाबाहेर लांबवले किंवा ‘एकदा झाले, पुन्हा एकदा करून घेऊ’ असे म्हणून ते दोनदा केले की थर जाड आणि ठिसूळ होतो. अनेक निकेल-क्रोमियम धातूंच्या सूचनापत्रकात डिगॅसिंगनंतर ऑक्साइड सँडब्लास्टने काढून टाकण्यास सांगितलेले असते, तर काही धातूंच्या पत्रकात तो तसाच ठेवण्यास सांगितलेले असते. एका धातूची सवय दुसऱ्यावर चालवल्यामुळे झालेले नुकसान बरेच आहे.

याउलट धातू स्वच्छ, राखाडी दिसत असेल आणि ओपेकचा, म्हणजे धातू झाकणाऱ्या पहिल्या अपारदर्शक थराचा, पापुद्रा सबंध निघून आलेला असेल, तर पृष्ठभाग मळलेला होता किंवा ओपेक नीट भाजले गेले नव्हते. सँडब्लास्ट झालेल्या कोपिंगला बोट लावणे, तीच अॅल्युमिना वाळू कास्टिंग साफ करण्यासाठी आणि कोपिंगसाठी पुन्हा पुन्हा वापरणे, एकाच दगडाने वेगवेगळे धातू घासणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. कोपिंग घासताना बर (घासण्याचे फिरते टोक) एकाच दिशेने फिरवावा, कारण दोन्ही दिशांनी घासल्यास धातूच्या बारीक पाती एकमेकांवर दुमडतात, त्यांच्याखाली हवा आणि मळ अडकतो, आणि तीच हवा भट्टीत ओपेकमधून फुगा होऊन वर येते.

ओपेक जागेवर शाबूत आहे आणि वरच्या डेंटिन-एनॅमलचाच, म्हणजे दाताचा रंग देणाऱ्या थरांचाच, शिंपल्याच्या आकाराचा टवका गेला आहे, अशी अवस्था सर्वांत जास्त आढळते. झिर्कोनियावर (धातूऐवजी वापरायच्या पांढऱ्या, कठीण पदार्थावर) सिरॅमिक चढवलेल्या कॅपमध्ये तर बहुतेक वेळा हीच आढळते. चिकटण्याचा इथे काहीही संबंध नाही. सिरॅमिक स्वतःच्याच पोटात फुटले आहे, आणि ते का फुटले याचे उत्तर शोधण्यासाठी पावडर कशाची बनली आहे हे थोडे पाहावे लागते.

पावडरीत काय असते आणि ते का महत्त्वाचे

दातांच्या पारंपरिक पोर्सिलेनमध्ये मुख्य भाग फेल्डस्पारचा, त्याच्या जोडीला क्वार्ट्झ आणि अगदी थोडी केओलिन माती असते. कारखान्यात हे मिश्रण वितळवून, झटकन थंड करून, दळून पावडर केली जाते, म्हणून लॅबमध्ये ती ९०० अंशांच्या आसपास भाजली तरी चालते. फेल्डस्पारची नुसती काच तापल्यावर फारशी प्रसरण पावत नाही. तिचा प्रसरणांक ८ ते ९ च्या घरात असतो. तापमान एका अंशाने वाढले की लांबी दहा लाख भागांत किती भागांनी वाढते, तो हा आकडा. निकेल-क्रोमियमसारख्या धातूंचा प्रसरणांक १४ च्या आसपास असल्यामुळे तशी काच धातूवर टिकली नसती. फेल्डस्पार ११५० अंशांच्या आसपास वितळताना त्यातून ल्यूसाइट नावाचे स्फटिक तयार होतात आणि त्यांचा प्रसरणांक २० च्याही वर असतो. हे स्फटिक ठरावीक प्रमाणात ठेवून पोर्सिलेन धातूच्या जवळ आणण्याची युक्ती वाइनस्टाइन आणि सहकाऱ्यांच्या १९६२ सालच्या अमेरिकी पेटंटांत नोंदलेली आहे, आणि आजची मेटल-सिरॅमिक कॅप त्याच पायावर उभी आहे.

पोर्सिलेनचा प्रसरणांक धातूपेक्षा किंचित कमी, साधारण ०.५ ते १ ने कमी, असावा लागतो. थंड होताना धातू थोडा जास्त आकसतो आणि वरच्या सिरॅमिकला सर्व बाजूंनी हलके दाबून धरतो. काचेसारखा पदार्थ दाब उत्तम सोसतो, ताण मात्र अजिबात सोसत नाही. फेल्डस्पार पोर्सिलेनची वाकण्यातील ताकद जेमतेम ६० ते १०० मेगापास्कल असते. पोर्सिलेनचा अंक धातूपेक्षा वर गेला तर त्यात ताण निर्माण होतो आणि भट्टीतून बाहेर येतानाच, किंवा ट्रेवर तासाभराने, केसासारख्या बारीक भेगा दिसतात. तो फारच खाली राहिला तर दाब मर्यादेबाहेर जातो आणि कडेने कपच्या सुटतात.

अंक जुळवताना एक फसगत हमखास होते. धातूच्या पाकिटावर प्रसरणांक २५ ते ५०० अंशांसाठी दिलेला असतो, तर कधी २० ते ६०० अंशांसाठी. दोन्ही आकडे एकाच धातूचे असले तरी वेगळे येतात. पावडरीच्या पत्रकातील तापमानाचा टप्पा आणि धातूचा टप्पा एकच आहे ना, हे पाहिल्याशिवाय केलेली तुलना निरर्थक आहे.

झिर्कोनियाचे गणित वेगळे आहे. तीन मोल टक्के इट्रिया (इट्रियम ऑक्साइड) घातलेल्या झिर्कोनियाचा प्रसरणांक सुमारे १०.५ असतो, म्हणून त्याच्यावरच्या पावडरीचा अंक ९ ते १० च्या दरम्यान ठेवलेला असतो. दोन्ही प्रकारच्या पावडरींच्या बाटल्या शेडप्रमाणे, म्हणजे दाताच्या रंगछटेप्रमाणे, एकाच फळीवर मांडण्याची रीत अनेक लॅबमध्ये आहे, आणि ‘ए दोन’ म्हणून हात जातो तो भलत्याच बाटलीवर. धातूची पावडर झिर्कोनियावर चढली तर कॅप बहुधा लॅबमध्येच तडकते, त्यामुळे ती चूक लवकर लक्षात येते. उरलेली पावडर पुन्हा बाटलीत ओतल्यामुळे झालेली भेसळ मात्र महिनोन्‌महिने त्रास देते, कारण तिचा परिणाम दर वेळी वेगळा दिसतो. दोन फळ्या वेगळ्या करणे आणि काचेवर उरलेली पावडर निमूटपणे टाकून देणे, हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

ल्यूसाइटची आणखी एक खोड आहे. पावडर पुन्हा पुन्हा भाजली किंवा तापमानाच्या मधल्या टप्प्यात रेंगाळली की त्यात नवे ल्यूसाइट स्फटिक वाढतात आणि तिचा प्रसरणांक हळूहळू वर सरकतो. दोन बिल्डअप (पावडरीचे थर चढवून भाजणे) आणि एक ग्लेझ (शेवटची चकाकी) इतक्यावर उरकलेली कॅप आणि शेड जुळेना म्हणून आणखी तीनदा भट्टीत गेलेली कॅप एकाच बाटलीतून निघाल्या तरी त्या एकाच पदार्थाच्या राहत नाहीत. ज्या कॅपवर डॉक्टरांनी ‘थोडी पिवळी करा’, ‘कॉन्टॅक्ट वाढवा’ असे शेरे मारून ती परत पाठवली होती, त्याच कॅप पुढे तुटल्या का, हे जुन्या पावत्यांवरून पडताळून पाहावे. बहुतेक लॅबना इथे धक्का बसेल.

भट्टी खरे बोलते का

पडद्यावर ९३० दिसते म्हणजे मफलमध्ये, म्हणजे भट्टीच्या तापणाऱ्या पोकळीत, ९३० आहे असे नाही. तो आकडा थर्मोकपलच्या, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेच्या, टोकाचा असतो, आणि थर्मोकपल वापरानुसार जुना होऊन चुकीचे वाचन देऊ लागतो. पंधरा-वीस अंश कमी भाजलेले सिरॅमिक वरून ग्लेझ चढवल्यावर चांगले दिसते, पण आत त्याचे कण पुरते एकजीव झालेले नसतात. ग्लेझ न केलेल्या पारदर्शक पावडरीची एक चकती भाजून पाहावी: ती ढगाळ, दुधी दिसली तर तापमान कमी पडते आहे, कडा गोल होऊन काचेसारखी चकाकली तर जास्त होते आहे.

नेमके मोजायचे असल्यास चांदीच्या तारेची चाचणी करावी. शुद्ध चांदी ९६१.८ अंशांना वितळते. सराफाकडून ९९.९ शुद्धतेची बारीक तार घ्यावी, दागिन्यांची ९२.५ ची चांदी चालणार नाही, कारण तिच्यात तांबे असते आणि ती त्यापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळू लागते. जुन्या फायबर पॅडवर दोन टोके टेकवून तारेचा छोटा पूल करावा आणि तो ट्रेच्या मध्यभागी, कॅप जिथे ठेवता त्याच उंचीवर ठेवावा. व्हॅक्यूम चालू ठेवून ९५७ अंशांपर्यंत न्यावे आणि एक-दोन मिनिटे थांबावे. तार तशीच राहिली पाहिजे. नवी तार घेऊन हेच ९६५ अंशांना करावे. आता तिचा गोल मणी झाला पाहिजे. पहिल्याच वेळी मणी झाला तर भट्टी पडद्यापेक्षा गरम आहे, दुसऱ्या वेळीही तार उभी राहिली तर थंड आहे, आणि फरक किती आहे ते पाच-पाच अंशांनी पुढे-मागे जाऊन कळते. व्हॅक्यूम आवश्यक आहे, कारण हवेत चांदी प्राणवायू शोषते आणि तिचा वितळणबिंदू खाली येतो. चाचणीनंतर भट्टी एकदा रिकामी चालवावी. चांदीची वाफ मफलमध्ये राहिल्यास पुढच्या कॅपवर पिवळट झाक येते. वर्षातून एकदा कंपनीचा माणूस येऊन बघून जातो, एवढ्यावर विसंबणे मला पटत नाही.

व्हॅक्यूमच्या बाबतीत सोलापुरात एक वेगळी अडचण येते, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५८ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथला हवेचा दाब साधारण ७२० मिलिमीटर पारा इतका असतो, समुद्रकाठी तो ७६० असतो. बाहेरच्या हवेच्या तुलनेत व्हॅक्यूम मोजणाऱ्या गेजवर इथे उत्तमोत्तम पंपालाही ७२० च्या पलीकडे जाता येणार नाही. मुंबईच्या लॅबमधून जसाच्या तसा उतरवून घेतलेला, ७३० किंवा त्याहून अधिक व्हॅक्यूमची अट घालणारा प्रोग्रॅम इथे अडतो किंवा चूक दाखवतो, आणि मग कोणीतरी पंप खराब झाल्याचे निदान करते. उलटही घडते: ‘इथे एवढेच येते’ असे गृहीत धरून ६५० वर समाधान मानले जाते आणि खरोखर गळणारे सील किंवा झिजलेला पंप दुर्लक्षित राहतो. इथल्या दाबाप्रमाणे ७०० च्या जवळपास पोहोचणारा पंप ठीक आहे, असे मी मानतो. त्याहून बराच खाली असल्यास दाराची रिंग, तिच्यावर चिकटलेली पावडर आणि पंपाचे तेल तपासावे. व्हॅक्यूम अपुरा राहिला की सिरॅमिकच्या पोटात बुडबुडे उरतात, आणि भिंगाखाली टवक्याच्या काठाशी दिसणारी बारीक गोल छिद्रे त्याचीच असतात. फायरिंगच्या मध्यात वीज गेली आणि व्हॅक्यूम तुटला तर ती कॅप तशीच पुढे चालवू नये. भट्टी आणि पंप दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर असावेत. फक्त भट्टीला बॅकअप देऊन पंप विसरणे ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे.

उन्हाळा, पंखा आणि कूलर

एप्रिल-मेमध्ये तक्रारी वाढल्या तर पारा ४२ अंशांवर गेला म्हणून सिरॅमिक तुटते असे समजू नये. ९०० अंशांवरून खाली येणाऱ्या कॅपला खोली २५ अंशांची की ४२ अंशांची, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो त्या उकाड्यावर केलेल्या उपायांनी. कोरड्या हवेत बिल्डअप करताना डोक्यावर पंखा असेल तर पावडर ब्रशखालीच सुकते, टेक्निशियन वरून पुन्हा पाणी सोडतो, आणि सुकलेल्या-ओल्या थरांमध्ये हवा कोंडली जाते. पावडर शेवटपर्यंत एकसारखी ओली राहील असे पाहावे आणि टिश्यूने पाणी टिपून कण दाबून बसवावेत. पाणी बोअरचे नसावे. इथल्या बोअरच्या पाण्यातील क्षार सिरॅमिकमध्ये राहतात आणि रंगही बिघडवतात. डिस्टिल्ड वॉटर किंवा कंपनीचे लिक्विडच वापरावे.

भट्टी उघडल्यावर कूलरचा झोत थेट लिफ्टवर, म्हणजे कॅप भट्टीत वर-खाली नेणाऱ्या पाटावर, येत असेल, तर बाकीची सगळी तपासणी बाजूला ठेवून आधी कूलरची जागा बदलावी. लालबुंद कॅपची एक बाजू ओलसर वाऱ्याने झटक्यात थंड होते, दुसरी गरम राहते, आणि त्या फरकाचा ताण सिरॅमिकमध्ये कायमचा कोंडला जातो. कॅप त्या दिवशी तडकत नाही. ती तोंडात चार-सहा महिन्यांनी, एखाद्या घासाला, टवका सोडते.

झिर्कोनियात हा धोका अनेकपटींनी वाढतो, कारण झिर्कोनिया उष्णतेचा मंद वाहक आहे. वरचे सिरॅमिक थंड होऊन घट्ट झाले तरी आतला गाभा गरमच असतो. म्हणून झिर्कोनियावरच्या शेवटच्या फायरिंगनंतर, विशेषतः ग्लेझनंतर, मफल बंद ठेवून किंवा अगदी थोडे उघडून तापमान ५५० ते ६०० अंशांच्या खाली येऊ द्यावे आणि मगच लिफ्ट पूर्ण उतरवावी. बहुतेक पावडरींच्या पत्रकात हे लिहिलेले असते, पण एका कॅपमागे जाणारी ती जादाची मिनिटे वाचवण्याचा मोह होतो. मेटल-सिरॅमिकला मात्र हीच संथ पद्धत डोळे झाकून लावू नये: संथ थंडीने ल्यूसाइट वाढते आणि प्रसरणांक वर जातो. ज्या धातूचा अंक मुळात जास्त आहे त्याच्यासाठी काही कंपन्या मुद्दाम संथ थंडी सुचवतात, इतरांसाठी नाही. भट्टीत धातूचा आणि झिर्कोनियाचा ग्लेझ प्रोग्रॅम एकच असेल, तर दोन्हींपैकी एकाचे नुकसान ठरलेले आहे.

आधार कुठे कमी पडतो

सगळे अंक जुळले, भट्टी बिनचूक निघाली आणि तरीही दाढेच्या कस्पचाच, म्हणजे चावणाऱ्या उंचवट्याचाच, टवका जातो, असे असल्यास कोपिंगचा आकार पाहावा. पातळ, अंगठीसारखे एकसारख्या जाडीचे कोपिंग करून उरलेली सगळी उंची सिरॅमिकने भरली की कस्पखाली तीन-साडेतीन मिलिमीटरचा निराधार ढीग उभा राहतो. सिरॅमिकची जाडी कुठेही २ मिलिमीटरच्या वर जाऊ नये; दाढेच्या अंतिम आकाराचे मेण आधी घडवून, त्यातून तेवढेच कापून कोपिंग केले की धातू कस्पच्या खालोखाल चढतो. संगणकावर झिर्कोनियाचे डिझाइन करतानाही पूर्ण दात उभा करून मग तो आत घेण्याचा पर्याय निवडावा. नुसत्या, सगळीकडे सारख्या जाडीच्या ‘ऑफसेट कोपिंग’वर समाधान मानू नये.

सिंटर झालेले (भाजून घट्ट झालेले) झिर्कोनिया कोरडे, जोर लावून घासले तर पृष्ठभागावरचे स्फटिक टेट्रागोनल रूपातून मोनोक्लिनिक रूपात जातात, आणि त्या रूपाचा प्रसरणांक कमी असल्याने वरच्या पावडरीशी जुळणी बिघडते. पाण्याच्या फवाऱ्याखाली, बारीक हिऱ्याने घासावे. दाढेसाठी सिरॅमिक चढवायचेच नाही आणि पूर्ण झिर्कोनियाची कॅप रंगवून द्यायची, हा मार्ग आता सर्वत्र रुळला आहे. टवक्याचा प्रश्न त्याने मुळातून संपतो, आणि दाढांसाठी मी तोच सुचवतो.

डॉक्टरांच्या बाजूने दोन गोष्टी येतात. दाढ चावण्याच्या पृष्ठावर दीड ते दोन मिलिमीटर घासलेली नसेल तर लॅबला जागाच मिळत नाही, आणि मग धातू किंवा सिरॅमिक, कोणीतरी पातळ होते. आणि तोंडात बसवताना चावा उंच लागतो म्हणून ग्लेझ घासून खडबडीत ठेवलेली कॅप तिथूनच तुटते. घासल्यानंतर रबर पॉलिशरने क्रमाक्रमाने चकाकी आणावी, अथवा ती कॅप ग्लेझसाठी परत पाठवावी.

तोंडातच टवका गेला असल्यास

कॅप काढायची की तोंडातच दुरुस्त करायची, हे उघडे काय पडले यावर ठरते. फक्त सिरॅमिक उघडे असेल आणि तुकडा लहान असेल, तर कडा गुळगुळीत करून पॉलिश करणे पुरते. तुकडा मोठा असल्यास रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावून, हिरड्यांना पूर्ण संरक्षण देऊन, सिरॅमिकवर हायड्रोफ्लोरिक आम्लाची जेल लावतात, ती धुऊन सायलेन (सिरॅमिक आणि रेझिन जोडणारे रसायन) लावतात आणि वर दाताच्या रंगाचे कॉम्पोझिट चढवतात; धातू दिसत असेल तर त्यावर आधी ओपेक रेझिन लागते. उघडे पडलेले झिर्कोनिया असल्यास या आम्लाचा उपयोग नाही, कारण त्यात विरघळण्यासारखी काच नसते. तिथे एमडीपी (झिर्कोनियाला धरणारे रसायन) असलेला प्रायमर वापरावा लागतो. चावा ज्या टोकावर पडतो तिथला आणि ओपेकपर्यंत गेलेला टवका मात्र कॉम्पोझिटने फार काळ तग धरत नाही. ती कॅप कापून काढावी, आणि नवी करण्यापूर्वी जुन्या कॅपची कपची, फायरिंगची संख्या आणि भट्टीचा त्या महिन्यातला चांदीच्या तारेचा निकाल हे तिन्ही एकाच पावतीवर लिहून लॅबने जपून ठेवावेत.